बँकॉकच्या कलादालनातील काळ्या पट्ट्या : तिबेटी कलावंत, चिनी दूतावास आणि आपण

थायलंडची राजधानी बँकॉक येथील ‘बँकॉक आर्ट अँड कल्चर सेंटर’ या कलाकेंद्रात २४ जुलै २०२५ रोजी एक प्रदर्शन सुरू झाले. जगभरातील हुकूमशाही राजवटी एकमेकींना कसा हात देतात, हा त्याचा विषय. म्यानमार, चीन, रशिया, इराण, सीरिया अशा देशांतून परागंदा झालेल्या कलावंतांची कामे त्यात होती. तीनच दिवसांनी, २७ जुलैला, चिनी दूतावासाची माणसे बँकॉक महानगर प्रशासनाच्या अधिकाऱ्यांना सोबत घेऊन दालनात आली आणि प्रदर्शन बंद करण्याची मागणी झाली. प्रदर्शन बंद पडले नाही. पण थोड्याच दिवसांत तिबेटी, उइघुर आणि हाँगकाँगच्या कलावंतांच्या नावांवर काळा रंग चढला, एका तिबेटी कलावंताचे काम उतरवले गेले आणि प्रदर्शन मांडणाऱ्याला देश सोडून पळावे लागले.

मराठी वृत्तपत्रांत या घटनेला फारशी जागा मिळाली नाही. आम्हाला मात्र ती आपल्या वाचकांसमोर सविस्तर ठेवावीशी वाटते. कारण हे घडले ते एका बौद्धबहुल देशात, वर्षावास सुरू होऊन दोन आठवडे झालेले असताना, आणि ज्यांची नावे पुसली गेली त्यांत आपलेच धम्मबांधव होते.

प्रदर्शन कोणाचे, जागा कोणाची

प्रदर्शनाचे संयोजक साई हे म्यानमारचे कलावंत. सुरक्षिततेसाठी ते एवढेच नाव वापरतात आणि चेहरा झाकूनच लोकांसमोर येतात. त्यांचे वडील लिन टुट हे शान राज्याचे मुख्यमंत्री होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा त्यांना अटक झाली आणि पुढे तुरुंगवास. साई आणि त्यांच्या पत्नीने ‘म्यानमार पीस म्युझियम’ नावाची संस्था उभी केली आणि तिच्यातर्फे हे प्रदर्शन मांडले. म्हणजे हुकूमशाहीवर बोलणारा हा माणूस पुस्तके वाचून बोलत नव्हता.

जागेचाही इतिहास सांगण्यासारखा आहे. हे कलाकेंद्र पथुमवान चौकात आहे. आपल्यापैकी ज्यांनी पाली शिकली आहे त्यांना या नावातले ‘पदुम’ आणि ‘वन’ लगेच ऐकू येईल. जवळच्या वाट पथुम वनाराम या विहारावरून तो भाग ओळखला जातो. नव्वदच्या दशकात ठरलेली कलाकेंद्राची योजना पुढे एका राज्यपालांनी मोडीत काढून तिथे व्यापारी संकुल बांधण्याचा घाट घातला. बँकॉकच्या कलावंतांनी अनेक वर्षे त्याविरुद्ध लढा दिला, तेव्हा कुठे २००८ मध्ये केंद्र उघडले. एक प्रतिष्ठान ते चालवते, पण इमारत आणि निधीसाठी महानगर प्रशासनावर अवलंबून असते. २०१८ मध्येही प्रशासनाने ते ताब्यात घेण्याचा विचार बोलून दाखवला होता आणि लोकांच्या विरोधामुळे मागे घेतला होता. निधी देणाऱ्याचा हात मानेच्या किती जवळ असतो, हे या केंद्राला आधीपासून ठाऊक होते.

म्हणूनच ३० जुलैला केंद्राने संयोजकांना पाठवलेला ईमेल वाचताना आम्हाला राग येण्याआधी वाईट वाटले. वृत्तसंस्थांनी त्याचा आशय प्रसिद्ध केला आहे. चिनी दूतावासाचा दबाव परराष्ट्र मंत्रालयामार्फत आणि विशेषतः आमचे मुख्य आधारदाते असलेल्या महानगर प्रशासनामार्फत आमच्यापर्यंत आला आहे, या प्रदर्शनामुळे थायलंड आणि चीन यांच्या संबंधांत तणाव येऊ शकतो अशी आम्हाला ताकीद मिळाली आहे, आणि काही फेरबदल करण्यावाचून आमच्यापुढे पर्याय नाही, असे त्यात म्हटले होते. सेन्सॉर करणाऱ्या संस्था सहसा ‘तांत्रिक अडचण’ किंवा ‘नूतनीकरण’ अशी कारणे देतात. या केंद्राने निदान खरे कारण लिहून दिले. त्यामुळेच आज आपल्याला एवढा तपशील माहीत आहे.

काय काढले, काय ठेवले

मुख्य रोख होता टेन्झिन मिंग्युर पाल्ड्रोन यांच्या कामावर. पाल्ड्रोन हे तिबेटी-अमेरिकन कलावंत. त्यांची चित्रफितींवर आधारलेली मांडणी काढून टाकण्यात आली. तिबेटचा आणि उइघुरांचा ध्वज हटवला गेला. शी जिनपिंग यांचे चित्र असलेली पोस्टकार्डे गेली, चीन आणि इस्रायल यांच्या संबंधांवरचे पोस्टकार्डही गेले. हाँगकाँगच्या क्लारा चेउंग आणि गम चेंग यी मान, उइघुर कलावंत मुकद्दस मिजित आणि पाल्ड्रोन यांची नावे भिंतीवरील मजकुरातून काळी करण्यात आली. नुसती नावेच नव्हेत, तर ‘तिबेट’, ‘उइघुर’ आणि ‘हाँगकाँग’ हे शब्दही.

पाल्ड्रोन यांच्याबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण ‘तिबेटी कलावंताचे राजकारण’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ध्वज घेऊन घोषणा देणारा माणूस येतो. पाल्ड्रोन पारलिंगी आहेत. त्यांच्या कामात दलाई लामा येतात तसेच पारलिंगी तिबेटी माणसांचे जगणेही येते. म्हणजे आपल्याच समाजात कडेला ढकललेल्यांविषयी ते बोलतात. बीजिंगला यातले काहीच बघायचे नव्हते. ‘तिबेट’ हा शब्द दिसला, तेवढे पुरे झाले.

चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने आपली बाजू लपवली नाही. हे प्रदर्शन वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करून तिबेट, पूर्व तुर्कस्तान आणि हाँगकाँगच्या स्वातंत्र्याच्या चुकीच्या कल्पना पसरवते, आणि थायलंडने वेळेत पावले उचलली यावरून अशा कल्पनांना जगात कुठेही बाजार नाही हेच दिसते, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. दबाव टाकून काम करून घ्यायचे आणि नंतर त्याच कृतीला जगाच्या मताचा पुरावा म्हणायचे, ही युक्ती आपल्याकडच्या गावकीलाही नवी नाही.

थाई पोलीस आपल्याला शोधत आहेत असे कळताच साई आणि त्यांच्या पत्नीने मिळेल ते विमान पकडले आणि ब्रिटन गाठले. तिथे त्यांनी आश्रय मागण्याचे ठरवले. हुकूमशहांच्या सहकार्यावरचे प्रदर्शन हुकूमशहाच्या दबावाखाली कापले जावे, हा विरोधाभास त्यांनी स्वतःच बोलून दाखवला. प्रदर्शन काळ्या पट्ट्यांसह पुढे चालू राहिले. आमच्या मते त्या पट्ट्यांनी प्रदर्शनाचा विषय मूळ मजकुरापेक्षा अधिक नेमका सांगितला.

दंतधातू आणि चाळीस माणसे

थायलंडने असे का केले, हे समजण्यासाठी आधीचे आठ महिने बघावे लागतात. १ जुलै १९७५ रोजी थायलंड आणि चीन यांचे राजनैतिक संबंध सुरू झाले, त्याला २०२५ मध्ये पन्नास वर्षे झाली. त्यानिमित्ताने आणि थाई राजाच्या बहात्तराव्या वाढदिवसानिमित्त बीजिंगच्या लिंगग्वांग विहारातील तथागतांचा दंतधातू डिसेंबर २०२४ मध्ये बँकॉकला आणण्यात आला. सनाम लुआंग या राजमैदानावर १४ फेब्रुवारी २०२५ पर्यंत तो दर्शनासाठी होता आणि उपासक-उपासिकांच्या रांगा लागत होत्या. दंतधातू परत गेला. त्यानंतर तेरा दिवसांनी, २७ फेब्रुवारीला, दहा वर्षांहून अधिक काळ बँकॉकच्या कोठडीत असलेल्या चाळीस उइघुरांना थायलंडने चीनच्या स्वाधीन केले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार यंत्रणांनी तसे करू नका म्हणून आधीच बजावले होते.

या दोन घटनांचा एकमेकींशी थेट व्यवहार झाला असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो की ज्या राज्यसत्तेच्या हातून तथागतांचा धातू स्वीकारला, तिलाच माणसेही परत दिली गेली, आणि पाच महिन्यांनी तिच्याच सांगण्यावरून एका बौद्ध कलावंताचे नाव पुसले गेले. उपासकांच्या श्रद्धेबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही, ती खरीच होती. धातूंची राजनैतिक देवघेव मात्र श्रद्धेपेक्षा वेगळी गोष्ट आहे आणि ती चीनच करतो असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारत सरकारनेही भगवान बुद्धांचे आणि सारिपुत्त व मोग्गल्लान यांचे धातू थायलंडला पाठवले होते आणि त्याचा पुरेसा गाजावाजा केला होता.

आणखी एक तारीख लक्षात घ्यावी. २ जुलै २०२५ रोजी, नव्वदाव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी, दलाई लामांनी जाहीर केले की त्यांच्यानंतरही ही परंपरा चालू राहील आणि पुढचा दलाई लामा ठरवण्याचा अधिकार गाडेन फोड्रांग न्यासाकडेच असेल. बीजिंगने लगेच सांगितले की पुनर्जन्माला मान्यता देण्याचा अधिकार आमच्या सरकारचा. (ईश्वर आणि आत्मा न मानणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाला पुनर्जन्मावर सही-शिक्का हवा, हे बघून बाबासाहेबांच्या वाचकाला हसू आल्याशिवाय राहणार नाही.) या घोषणेला तीन आठवडे झाले आणि बँकॉकचे प्रदर्शन उघडले. दलाई लामा दिसतील अशा कुठल्याही पडद्याकडे चिनी दूतावासाचे बारीक लक्ष असणार, हे उघड होते.

ढाका, पॅरिस, ब्रेशिया

बँकॉकचे प्रकरण पहिले नव्हे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ढाका आर्ट समिटमध्ये रितू सरीन आणि तेन्झिंग सोनम या धरमशालेतील चित्रपटकार दांपत्याचे एक काम होते. आत्मदहन केलेल्या पाच तिबेटींची अखेरची हस्तलिखित पत्रे, एवढेच त्याचे स्वरूप. २००९ पासून दीडशेहून अधिक तिबेटींनी आत्मदहन केले आहे, आणि त्यांचे शेवटचे शब्द वाचायला मिळणे दुर्मीळ. चीनचे तेव्हाचे राजदूत मा मिंगच्यांग प्रदर्शनाला आले, त्यांनी आक्षेप घेतला आणि आयोजकांनी पत्रांच्या चौकटी पांढऱ्या कागदाने झाकल्या. त्या पाचही कोऱ्या चौकटी भिंतीवर तशाच राहिल्या.

ढाक्याबद्दल आम्हाला विशेष वाटते ते अतिश दीपंकरांमुळे. अकराव्या शतकात तिबेटमध्ये जाऊन धम्माची घडी पुन्हा बसवणारे हे आचार्य ढाक्याजवळच्या विक्रमपूरचे. त्यांचे देहावसान तिबेटमध्येच झाले. १९७८ मध्ये त्यांच्या अस्थी ढाक्याच्या धर्मराजिक विहारात आणल्या गेल्या, आणि त्या दिल्या होत्या चीनने. तिबेटला धम्म देणाऱ्या बंगाली भिक्खूच्या अस्थी देऊन मैत्री करायची आणि त्याच शहरात तिबेटींची पत्रे झाकायला लावायची, दोन्ही कामे एकाच दूतावासाची.

पॅरिसमधला वाद कलावंतांचा नव्हता, पाट्यांचा होता. आशियाई कलेसाठी प्रसिद्ध असलेल्या गिमे संग्रहालयाने आपल्या तिबेटविषयक दालनाचे नाव बदलून ‘हिमालयीन जग’ असे केले, आणि के ब्रान्ली संग्रहालयाच्या सूचीत तिबेटऐवजी ‘शीझांग’ हे चिनी नाव आले. २०२४ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील तिबेट-अभ्यासकांनी जाहीर पत्र लिहिले, तिबेटी लोक रस्त्यावर उतरले. के ब्रान्लीने चूक सुधारण्याचे मान्य केले. गिमे मात्र आपल्या नावावर अडून बसले आणि प्रकरण न्यायालयात गेले. ‘हिमालयीन जग’ या शब्दांत खोटे काहीच नाही, अडचण नेमकी तीच आहे. ‘अस्पृश्य’ न म्हणता ‘वंचित घटक’ म्हटले की अस्पृश्यता लादणारा जसा वाक्यातून निघून जातो, तसा इथे तिबेट निघून जातो.

चीनला नकार देता येतो, याचीही उदाहरणे आहेत. फ्रान्समधील नांत शहराच्या संग्रहालयाने चंगीझ खानावरचे प्रदर्शन २०२० मध्ये थांबवले, कारण चिनी अधिकारी ‘चंगीझ खान’, ‘साम्राज्य’ आणि ‘मंगोल’ हे शब्दच काढा म्हणत होते. संग्रहालयाने चिनी संग्रहांतल्या वस्तूंवर पाणी सोडले, मंगोलियाकडून आणि इतरांकडून वस्तू जमवल्या आणि २०२३ मध्ये तेच प्रदर्शन स्वतःच्या शब्दांत उघडले. इटलीतील ब्रेशियाचे उदाहरण आम्हाला अधिक आवडते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या सान्ता जुलिया संग्रहालयात बदियूचाओ या परागंदा चिनी व्यंगचित्रकाराचे प्रदर्शन होते. रोममधील चिनी दूतावासाने महापौरांना पत्र लिहून ते रद्द करायला सांगितले. महापौर एमिलियो देल बोनो यांनी नकार दिला आणि प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडले. ब्रेशिया हे काही महासत्तेचे शहर नाही. मात्र तिथे संग्रहालय आणि महापौर एका बाजूला होते. बँकॉकमध्ये महानगर प्रशासनच दबावाचा निरोप घेऊन आले होते.

आपल्या समाजात उठणारे दोन आक्षेप

तिबेटचा विषय निघाला की आपल्या बैठकांत दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. दोन्हींना उत्तर द्यायला हवे.

पहिली अशी की जुना तिबेट सरंजामी होता, मठांकडे जमिनी होत्या, कुळे राबत होती, मग चीनने ती व्यवस्था मोडली यात वाईट काय? जुन्या तिबेटमधली विषमता खरी आहे. प्रेत तोडणारे रागयाबा आणि लोहारकाम करणारे लोक तिथे हीन मानले जात, त्यांच्या पंक्तीला इतर बसत नसत. जातीचा दाह भोगलेल्या आपल्या समाजाने हे झाकून ठेवण्याचे कारण नाही, आणि लामांच्या कर्मकांडाशी आपल्या नवयानाचा मेळ बसत नाही हेही मोकळेपणाने बोलावे. पण सरंजामशाही मोडणे म्हणजे एका समाजाचे नावच भिंतीवरून पुसणे नव्हे. ज्या पाल्ड्रोन यांचे काम उतरवले गेले ते जुन्या मठशाहीचे भाट नाहीत. तिबेटी समाजाला आतून प्रश्न विचारणारा आवाज बंद करून कोणत्या कुळाची मुक्ती झाली?

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. तिबेटी आपले, ते बौद्ध आहेत, पण उइघुर मुसलमान, त्यांच्यासाठी आपण का बोलायचे? हा प्रश्न आम्हाला जास्त त्रास देतो. म्यानमारमध्ये अशिन विराथूसारख्या चीवरधारी माणसाने मुस्लिमांविरुद्ध काय विष पेरले आणि रोहिंग्यांचे काय झाले, हे आपण पाहिले आहे. साई त्याच देशातून आले, आणि त्यांनी प्रदर्शनात तिबेटी व उइघुर कलावंतांना शेजारी शेजारी जागा दिली. त्यांना जे जमले ते आपल्याला अवघड का वाटावे?

बाबासाहेबांनी हा विषय सत्तर वर्षांपूर्वी राज्यसभेत काढला होता. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात तिबेटविषयक करार झाला, ज्याच्या प्रस्तावनेत पंचशील आले. त्यावर २६ ऑगस्ट १९५४ च्या भाषणात बाबासाहेबांनी आश्चर्य व्यक्त केले की पंतप्रधान हे पंचशील गंभीरपणे घेत आहेत. पंचशील हा बुद्धधम्माचा भाग आहे, आणि माओंचा त्यावर थोडा जरी विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा त्यांचा मुद्दा होता. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ दिल्याने चिनी सैन्य भारताच्या सीमेवर येऊन ठेपेल, हा इशाराही त्यांनी दिला. धम्मदीक्षेला तेव्हा दोन वर्षे बाकी होती. पंचशील हा शब्द राजनैतिक कागदावर आला की त्याचे काय होते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

पुढे काय

बँकॉकचे प्रदर्शन ठरल्याप्रमाणे १९ ऑक्टोबर २०२५ पर्यंत होते. कलाकेंद्राला दोष देणारे अनेक आहेत. आमच्या मते दोषाचा मोठा वाटा निरोप आणणाऱ्या प्रशासनाचा आहे. सगळे प्रदर्शन गुंडाळण्यापेक्षा उरलेले वाचवावे, हा केंद्राचा विचार समजण्यासारखा आहे. मात्र कलावंतांची नावे झाकण्याआधी त्यांना विचारायला हवे होते. काम मागे घेण्याचा हक्क कलावंताचा असतो.

भारतातील संग्रहालयांपुढे हा प्रश्न अजून उभा राहिलेला नाही, पण तो उभा राहण्याइतका ऐवज आपल्याकडे आहे. राहुल सांकृत्यायन यांनी १९२९ ते १९३८ या काळात तिबेटच्या चार वाऱ्या करून थांगका चित्रे, हस्तलिखिते आणि ग्रंथ खेचरांवर लादून आणले. भारतातून नाहीशा झालेल्या किती तरी संस्कृत बौद्ध ग्रंथांचा माग त्यातून लागला. तो संग्रह पाटण्याला आहे. यातील वस्तू उद्या एखाद्या परदेशी संग्रहालयाने प्रदर्शनासाठी उसन्या मागितल्या, तर त्या कोणत्या नावाच्या पाटीखाली मांडल्या जातील, हे वस्तू देण्याआधीच करारात लिहून घेता येते.